आयरिश शॅन-नोस: साथीशिवाय गाणं ‘म्हणायला’ कसं शिकावं

आपण आरती म्हणतो, पाळणा म्हणतो, घरी आलेल्या पोरीला ‘एखादं गाणं म्हण ना’ असा आग्रह करतो. आयरिश भाषेतही गाणं म्हटलंच जातं. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कॉनमारातल्या घरी पाहुण्याला आग्रह होतो तो ‘अबर औरान’ या शब्दांत. ‘अबर’ म्हणजे म्हण, बोल; ‘औरान’ म्हणजे गाणं. शॅन-नोस हे जुन्या रीतीचं आयरिश गाणं शिकू पाहणाऱ्याला एवढी एक गोष्ट पहिल्या दिवशी पटली तर पुढचे निम्मे घोटाळे टळतात. इथे शब्द पुढे चालतात आणि सूर त्यांच्या मागून येतो. चाल सुरेख बसली पण शब्द गिळले गेले, तर जाणत्यांच्या लेखी गाणं झालंच नाही.

‘शॅन’ म्हणजे जुनी आणि ‘नोस’ म्हणजे रीत. एकट्याने, कुठल्याही वाद्याशिवाय, आयरिश भाषेत गायची ही पद्धत. नाव मात्र पद्धतीइतकं जुनं नाही. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी १८९३ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीगने १८९७ पासून ‘एरख्तस’ हा महोत्सव भरवायला सुरुवात केली. शहरात पियानोच्या साथीने गायली जाणारी आयरिश गाणी वेगळी आणि खेड्यातल्या घरांतलं गाणं वेगळं, हा फरक सांगायला पुढच्या काळात हे नाव रुळलं. गाणाऱ्यांसाठी ते नुसतं ‘गाणं’ होतं.

संगीतकार शॉन ओ रीअदा यांनी १९६२ च्या आपल्या रेडिओ व्याख्यानांत आयरिश श्रोत्यांनाच सांगितलं होतं की हे गाणं ऐकताना युरोपीय संगीत बाजूला ठेवा, त्यापेक्षा भारतीय संगीत डोळ्यापुढे आणा. मराठी कानाला म्हणूनच हे गाणं लवकर आपलंसं वाटतं. एकच सूर, साथीला स्वरसंवाद नाही, एका अक्षरावर चार-पाच स्वर फिरतात, आणि दुसरं कडवं पहिल्यासारखं कधीच येत नाही. पण हे साम्य वरवरचं आहे. शास्त्रीय किंवा सुगम संगीत शिकलेल्यांची सगळ्यात मोठी अडचण इथूनच सुरू होते, तिच्याकडे पुढे येऊ.

तयारी फार लागत नाही. एक वही, पेन्सिल, कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि पट्टी न बदलता रेकॉर्डिंग हळू करणारं फोनवरचं कुठलंही अ‍ॅप. रोज वीस मिनिटं दिलीत तर पहिलं गाणं लोकांसमोर म्हणण्याजोगं व्हायला दोन ते अडीच महिने लागतात. पंधरा दिवसांत झालं असं वाटलं तर बहुधा शब्द कच्चे आहेत.

आधी कान

शोधताना रोमन लिपीत एस-ई-ए-एन, जोडरेघ, एन-ओ-एस असं टाका. ‘ओ’वर तिरकी रेघ असते, ती दिली नाही तरी चालतं. निकालांत नाचाचे व्हिडिओ भराभर येतील, कारण कॉनमारातल्या एका नाचालाही हेच नाव आहे. ते सोडून द्या. मागे गिटार किंवा सिंथेसायझर असलेली रेकॉर्डिंगही सध्या नकोत. त्यांतली काही फार सुंदर आहेत, पण वाद्य आलं की गायकाला त्याच्या ठेक्यात राहावं लागतं, आणि तुम्हाला जे शिकायचंय नेमकं तेच झाकलं जातं. २०१५ च्या ‘ब्रुकलिन’ चित्रपटात गरीब आयरिश कामगारांच्या नाताळच्या जेवणात एक जण साथीशिवाय गातो. बऱ्याच जणांनी या रीतीचं गाणं पहिल्यांदा ऐकलं ते तिथेच. तो गायक म्हणजे कॉर्क परगण्यातल्या कूल ए गावचे ईअर्ला ओ लिनार्ड.

आयर्लंडमध्ये आयरिश बोलली जाणारी गावं मुख्यतः पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर विखुरलेली आहेत, आणि गाण्याची वळणंही त्याप्रमाणे तीन. कॉनमारा, म्हणजे गॉलवे परगण्याचा पश्चिम भाग: चालीचा आवाका लहान, पण जागा, म्हणजे सूर सजवणाऱ्या हरकती, दाट, एका अक्षराभोवती सूर गुंडाळत नेलेला. मन्स्टर, म्हणजे केरी, कॉर्क, वॉटरफर्ड: चाली उंचसखल, आवाज मोकळा. डॉनेगॉल, म्हणजे वायव्येचं टोक: लय जास्त बांधलेली, हरकती कमी, स्कॉटलंडच्या गेलिक गाण्याशी जवळचं नातं.

पहिले तीन महिने यांतलं एकच वळण ऐका. तिन्ही मिसळून ऐकणारा शेवटी तिन्हींतलं थोडंथोडं उचलतो. भाषेचे उच्चारही प्रांताप्रमाणे बदलत असल्याने मग एका ओळीत कॉनमारा आणि दुसरीत केरी असा प्रकार होतो. तिथल्या माणसाला ते ऐकणं म्हणजे आपल्याला अर्धी मालवणी, अर्धी वऱ्हाडी ओवी ऐकण्यासारखं.

कॉनमारा निवडलंत तर जो हीनी यांच्यापासून सुरुवात करा. आयरिश नाव शोसव ओ हेनी, जन्म १९१९, कार्ना परिसरातले. न्यूयॉर्कमध्ये एका इमारतीचे दरवान म्हणून काम केलं, शेवटची वर्षं सिअ‍ॅटलला वॉशिंग्टन विद्यापीठात गाणं शिकवलं, आणि १९८४ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या रेकॉर्डिंगचा संग्रह शब्द आणि इंग्रजी अनुवादासह इंटरनेटवर खुला आहे. घरबसल्या शिकणाऱ्याला याहून चांगली शाळा मिळणं कठीण. त्यांच्या जोडीला दारख ओ कहान (१९२२–१९८७) ऐका. त्यांचं कुटुंब १९३५ मध्ये सरकारी योजनेतून कॉनमारा सोडून मीथ परगण्यातल्या रा कार्नला वसवलं गेलं, आणि बोली व गाणं दोन्ही घेऊन गेलं. मन्स्टरसाठी वॉटरफर्डमधल्या रिंग गावचे निकलास तोबीन (१९२८–१९९४), आणि एलिझाबेथ क्रोनिन (१८७९–१९५६), ज्यांचं गाणं अमेरिकन संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी १९५१ मध्ये टेपवर घेतलं. डॉनेगॉलसाठी लिलिस ओ लीरे.

एक रेकॉर्डिंग तीन प्रकारे ऐकायचं. पहिल्यांदा शब्द समोर न ठेवता. दुसऱ्यांदा फक्त अर्थ वाचून, म्हणजे कोण कोणाला काय सांगतंय ते कळेल. तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन गायक जिथे जिथे श्वास घेतो तिथे उभी रेघ मारायची. बाकी काही टिपू नका. ही शेवटची पायरी लोक कंटाळून गाळतात आणि मग दीड महिन्याने अडकतात.

पहिलं गाणं

तीन-चार कडव्यांचं, एका सप्तकात मावणारं, ज्याचे छापील शब्द मिळतात आणि जे निदान दोन गायकांनी साथीशिवाय गायलंय असं गाणं हवं. दोन गायक का? एकाचंच ऐकलं की त्याची हरकत कुठली आणि मूळ चाल कुठली हे ओळखता येत नाही.

कॉनमाराच्या वाटेने जाणाऱ्यांना आधी ‘ब्यान फॉदीन’, म्हणजे ‘पॉदीनची बायको’, सुचवावंसं वाटतं. हे जलद, धृपद असलेलं, थट्टेचं गाणं. पॉदीनशी आपलं लग्न झालं नाही म्हणून एक बाई जळफळते आणि त्याच्या बायकोचा पाय मोडावा अशी इच्छा करते. ओळी छोट्या, धृपद पुन्हा पुन्हा येतं, त्यामुळे जीभ वळायला लागते. त्याच्यानंतर एक संथ गाणं, उदाहरणार्थ ‘औरान वीन्शे’: मरणाच्या दारातली बाई आपल्याला वीनिश बेटावर, आपल्या माणसांत नेऊन पुरा असं सांगते. कडवी थोडी, भाव सरळ.

‘दोनल ओग’सारखी प्रसिद्ध, लांब, काळीज पिळवटणारी गाणी पहिल्या वर्षी ऐका आणि सोडून द्या. ती सगळ्यांना आधी हवी असतात. पण दहा-बारा कडव्यांचं संथ गाणं पेलायला प्रत्येक कडव्यात थोडं वेगळं काही करता यावं लागतं. ते जमत नसताना गायलं की तिसऱ्या कडव्यापासून ऐकणारे खुर्चीत चुळबुळतात.

शब्द: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

वहीत एका ओळीसाठी चार ओळी सोडा. पहिलीत आयरिश शब्द जसेच्या तसे उतरवा, डोक्यावरच्या तिरक्या रेघांसकट. दुसरीत कानाला येतं ते देवनागरीत. तिसरीत शब्दाखाली शब्दाचा अर्थ. चौथीत पूर्ण ओळीचा अर्थ साध्या मराठीत. पुस्तकी मराठी लिहिलीत तर गाताना ती कामाला येत नाही. आई शेजारणीला सांगेल तशी लिहा.

देवनागरी इथे रोमनपेक्षा उपयोगी पडते. आयरिशमधल्या व्यंजनांचे दोन अवतार असतात, एक रुंद आणि एक निमुळता. निमुळत्यात ‘य’ची छटा असते. ‘बो’ म्हणजे गाय आणि ‘ब्यो’ म्हणजे जिवंत. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक सांगून सांगून थकायला होतं. आपण मात्र ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च न लिहिता वेगळे काढतो, त्यामुळे कान तयार असतो. तिरकी रेघ स्वर लांबवते. ती चुकली की ‘फ्यार’ म्हणजे पुरुष हा ‘फ्येर’ म्हणजे गवत होऊन बसतो.

त आणि द हे रुंद असताना जीभ दातांना लागते, आपल्या त-द सारखीच. फक्त ‘त’ला ‘थ’ची किंचित फुंकर असते. इंग्रजी शाळेची सवय म्हणून तिथे ट-ड आणू नका, ती सगळ्यात पटकन कानाला खटकणारी चूक आहे. याउलट ‘ख़’ आपल्याला शिकावा लागतो. हा ‘ख़बर’मधला, घशात घासणारा. ‘खडू’तला ख वापरलात तर शब्द मध्येच दार आपटल्यासारखा बंद होतो, आणि लांब ओढलेल्या सुराखाली ते फारच उघडं पडतं. तसाच ‘ग़ज़ल’मधला ग़. वहीत या दोघांखाली नुक्ता द्या आणि रोज सकाळी नुसते पाच मिनिटं घासा.

मग लपलेला स्वर. निळ्याला आयरिशमध्ये जो शब्द आहे तो लिहिताना ‘गोर्म’ दिसतो, पण उच्चार ‘गोरम’. गाण्यात या लपलेल्या ‘अ’ला स्वतंत्र स्वर मिळू शकतो. छापील शब्दांवरून चाल बसवणाऱ्याला मग एक अक्षर कमी पडतं, आणि तो शेजारचं अक्षर ताणून जागा भरतो.

आघात कॉनमारा आणि डॉनेगॉलमध्ये बहुधा पहिल्या अक्षरावर असतो. मन्स्टरमध्ये पुढे लांब स्वर असेल तर आघात तिकडे सरकतो. मुलगी या अर्थाचा ‘कॅलीन’ कॉनमारात ‘कॅ’वर जोर देतो, केरीत ‘लीन’वर. लय यातूनच निघते, म्हणून वहीत आघाताच्या अक्षराखाली रेघ मारून ठेवा.

उच्चार बरोबर आलेत का हे तपासायची एक सोय गाण्यातच असते. या गाण्यांत यमक व्यंजनांचं नसतं, स्वरांचं असतं: कडव्यातल्या ओळींच्या शेवटच्या आघाताच्या अक्षरात एकच स्वर घुमत राहतो. चारही ओळींचे ते स्वर समासात लिहून काढा. तीन ‘ओ’ आणि एक ‘आ’ आला तर बहुतेक वेळा ‘आ’च्या ओळीत तुमचा उच्चार चुकलाय. गायक चुकलेला नसतो.

आता दहा दिवस गायचं नाही. रोज पूर्ण गाणं नुसतं बोलायचं, वही न बघता, शेजारी बसलेल्या माणसाला हकीकत सांगावी तसं. ही पायरी निरस वाटते. पण संथ शॅन-नोसला ठेका नसतो, मात्रा मोजता येत नाहीत, आणि बोलण्याची लय हीच काय ती लय असते. ज्याने गाणं बोलून पक्कं केलं नाही तो नकळत त्यात दादरा ताल शोधायला लागतो. ठेका मोजून देणारा मेट्रोनोम लावणं तर हे गाणं मारून टाकण्याचा खात्रीचा उपाय.

चालीचा सांगाडा

बहुतेक चाली चार ओळींच्या असतात, पण चार वेगळ्या ओळी क्वचितच. नेहमीची रचना म्हणजे पहिली आणि चौथी ओळ एका चालीची, मधल्या दोन दुसऱ्या चालीच्या. किंवा तिसरीच तेवढी वेगळी आणि बाकी तिन्ही सारख्या. म्हणजे दोन ओळींची चाल बसली की गाणं बसलं.

एकाच रेकॉर्डिंगमधल्या प्रत्येक कडव्याची पहिली ओळ एकापाठोपाठ एक ऐका. जे स्वर प्रत्येक वेळी येतात तो सांगाडा, जे बदलतात त्या जागा. सांगाडा सरगममध्ये लिहिलात तर हरकत नाही, फक्त हार्मोनियमवर तपासू नका. जुन्या गायकांचा गंधार आणि निषाद कधी कधी कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी लागतो. पेटीवर ती पट्टीच नाही, मग माणूस तो स्वर ‘सुधारतो’ आणि गाण्याचा वास निघून जातो. तानपुऱ्याचंही तेच: मागे सा-प गुंजत राहिले की कान प्रत्येक ओळ षड्जाला आणून टेकवायला बघतो, आणि या चाली तशा टेकत नाहीत. सरावाआधी सूर धरायला तानपुरा वापरा, गाणं सुरू करताना बंद करा.

पट्टी आपली आपण घ्यायची. नेहमीची फसगत अशी की पहिली ओळ खालून जाते, म्हणून उंच पट्टी घेतली जाते आणि दुसऱ्या ओळीत चाल वर चढली की घसा आवळतो. आधी गाण्यातला सगळ्यात उंच स्वर शोधा, तो सहज बोलल्यासारखा लागतो का पाहा, आणि तिथून खाली उतरत पहिल्या ओळीवर या. लोकांसमोरही हेच मनातल्या मनात करायचं.

आवाज आणि श्वास

आवाज बोलायचाच, थोडा पुढे काढलेला. कंप नको. लहान-मोठा करणं नको. दुःखाची ओळ आली म्हणून हळू, रागाची आली म्हणून मोठ्याने, असं इथे होत नाही. पहिल्या ओळीचा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत तसाच. भाव कुठे जातो मग? एखाद्या शब्दाआधी नकळत थांबण्यात, एका अक्षरावर जरा जास्त रेंगाळण्यात, वळशात. सुगम संगीत गाणाऱ्यांना हे सगळ्यात जड जातं. चेहऱ्यावरही काही आणायचं नाही. कित्येक जुने गायक डोळे मिटून, मान वळवून गातात. कॉनमारातल्या काही गायकांच्या सुरात नाकाचा स्पर्श असतो, पण तो मुद्दाम आणायला गेलात तर सर्दी झाल्यासारखं वाटतं. भाषा बरोबर लागली की जेवढा यायचा तेवढा येतो.

श्वासाच्या रेघा आता बाहेर काढा. त्या ओळीच्या शेवटी नसून भलत्याच ठिकाणी आहेत हे दिसेल: गायक एका ओळीचा शेवट पुढच्या ओळीच्या तोंडाला जोडतो आणि मध्येच कुठेतरी श्वास घेतो. त्यामुळे चार ओळींची चौकट पुसली जाते आणि गाणं वाहत राहतं. सुरुवातीला निवडलेल्या गायकाचे श्वास तंतोतंत उचला. दोन गाणी झाल्यावर स्वतःचे ठरवा. एकच बंधन: शब्दाच्या पोटात श्वास घेऊ नका.

जागा

इथवर पाच-सहा आठवडे गेलेले असावेत. आता हरकती, आणि त्याही एका वेळी एक.

पहिली, कण. एकच स्वर लागोपाठ दोनदा आला, समजा ग-ग, तर दुसऱ्या गच्या तोंडाला वरच्या मचा निसटता स्पर्श. आयरिश पाइप वाजवणाराही एका स्वराचे दोन तुकडे असेच पाडतो. दुसरी, वळसा: ग एवढ्या एका स्वराऐवजी त्याच अक्षरावर ग म ग रे ग. यातला पहिला ग जरा लांब, बाकीचे हलके, आणि पाचही सारख्या वजनाचे मुळीच नाहीत. सारखे केले की सरगमचा पलटा ऐकू येतो. तिसरी, पायऱ्या: चाल रे वरून प वर उडी मारत असेल तर मधले ग-म त्याच अक्षरात भरून जाणं. याखेरीज छोटी मींड असते, आणि घशात आवाज क्षणभर तोडणंही असतं. ती दोन पहिल्या वर्षी राहू द्या.

संथ गाण्यात पहिलं कडवं जवळजवळ कोरं म्हणा. दुसऱ्या कडव्यापासून एका ओळीत एक जागा, फार तर दोन, आणि प्रत्येक कडव्यात एक ओळ पूर्ण मोकळी. जलद गाण्यात कणापलीकडे काही नको. कुठे घ्यायची? आपल्या मनात येतं की महत्त्वाच्या शब्दावर. पण नीट ऐकलंत तर ‘अगस’ म्हणजे ‘आणि’ असल्या किरकोळ शब्दावर मोठा वळसा सापडेल आणि पुढचा मुख्य शब्द सरळ, उघडा सोडलेला. त्याने तो शब्द उठून दिसतो.

शास्त्रीय बैठक असलेल्यांसाठी खास सूचना. मुरकी चांगली लागते म्हणून ती प्रत्येक ओळीच्या शेवटी लागते. तिसऱ्यांदा आली की ती तुमची सवय आहे, गाण्याचा भाग नाही. ‘आ’कारात फिरू नका, सूर नेहमी शब्दाच्या अक्षरावरच असतो. शब्द तोडून, पुन्हा घेऊन, ओळ तीनदा वेगवेगळी सजवून म्हणणं ही ठुमरीची रीत. इथे ओळ एकदाच येते आणि गोष्ट पुढे जाते. आणि सम नाही. कुठेच.

सराव फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना एकच प्रश्न विचारा: हे शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कळले असते का? जागांकडे दुसऱ्या फेरीत पाहा.

गोष्टीशिवाय गाणं नाही

गाण्यामागे काय घडलं याला कॉनमारात ‘ऊदर’ म्हणतात, आणि चांगला गायक तो सांगूनच गाणं सुरू करतो. ‘अनाख क्वन’ हे गाणं घ्या. सप्टेंबर १८२८ मध्ये लॉख कॉरिब या सरोवरातून माणसं आणि मेंढ्या घेऊन एक जुनी होडी गॉलवेच्या जत्रेला निघाली. एका मेंढीचा पाय फळीतून आरपार गेला, भोक बुजवायला कोणीतरी त्यात कापड कोंबून पायाने दाबलं आणि फळीच निसटली. ११ पुरुष आणि ८ बायका बुडाल्या. अंध कवी राफ्तरी यांनी रचलेलं हे गाणं आजही म्हटलं जातं. हे माहीत नसताना ते फक्त एक सुंदर, संथ चाल आहे.

तुमच्या गाण्याचा ऊदर पाच-सहा वाक्यांत तयार ठेवा, जास्त नको. गाणी आणि त्यांच्या हकीकती शोधायला डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरमधलं आयरिश पारंपरिक संगीताचं संग्रहालय आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचा बराच साठा त्यांच्या वेबसाइटवरही ऐकता येतो. एका माणसापाशी किती साठा असायचा याचा अंदाज हवा असेल तर ही एक नोंद पुरे: संग्राहक शेमस एनिस यांनी चाळीसच्या दशकात ग्लिन्शके गावच्या कोलम ओ कीहान या एकट्या शेतकरी-कोळ्याकडून २१२ गाणी आणि चाली उतरवून घेतल्या.

चालू घडीचं गाणं ऐकायला आयरिश भाषेचं सरकारी रेडिओ केंद्र इंटरनेटवर लागतं. एरख्तसचा शरद ऋतूतला महोत्सव ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला भरतो. त्यात ओ रीअदा यांच्या नावाचा चषक, ‘कोर्न ई रीअदा’, १९७२ पासून दिला जातो आणि शॅन-नोसमध्ये त्याहून मोठा मान नाही. अंतिम फेरी प्रसारित होते. तिथली शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची पहाट: आयर्लंड हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असतं, आणि घड्याळ बदलतं ते नेमकं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, तेव्हा वेळ आदल्या दिवशी पुन्हा तपासा.

लोकांत म्हणताना

डब्लिन, कॉर्क किंवा गॉलवेला राहणाऱ्या मराठी वाचकांना ही संधी लवकर येईल. गाण्याच्या बैठकीत पहिल्या दिवशी फक्त ऐका. कोणी गायला लागलं की ग्लासही टेबलावर ठेवायचा नाही. धृपद असेल तिथे सगळे साथ देतात. संथ गाण्यात कोणीही सोबत गायचं नाही, तुम्हाला ते गाणं येत असलं तरी. न विचारता रेकॉर्ड करणं फार वाईट दिसतं. एखादं गाणं त्या गावात एखाद्या गायकाचं मानलं जातं, तो खोलीत असताना ते आपण उचलायचं नाही. शंका असेल तर शेजाऱ्याला विचारा.

‘अबर औरान’ असं कोणी म्हटलं की एकदा नाही म्हणणं रीतीला धरून आहे. तिसऱ्यांदा नाही म्हणणं उद्धटपणा होतो. बसूनच म्हणायचं. गाता गाता ओळ विसरलात तर थांबा, आठवली की तिथूनच पुढे. माफी मागत पहिल्यापासून सुरू करू नका. मधल्या एखाद्या ओळीवर कोणी हळूच ‘मो ह्योल हू’ म्हणेल, शब्दशः ‘माझं संगीत तू’. ही आपली ‘वाहवा’ आहे, ती ऐकून हसायचं किंवा मान झुकवायची नाही, गाणं चालू ठेवायचं.

शेवटच्या ओळीचे शेवटचे दोन-तीन शब्द बरेच गायक गात नाहीत, साध्या आवाजात बोलतात. सूर संपला, आता पुन्हा आपण सगळे खोलीत आहोत, अशी ती खूण. हे घरी सरावात घेऊन ठेवा, नाहीतर ऐनवेळी बोलणं आणि गाणं यांच्यामध्ये आवाज लटकतो.

आणि गाताना शेजारच्याने तुमचा हात हातात घेतला तर दचकू नका. जुनी पद्धत आहे. तो तुमचा हात गाण्याच्या चालीबरोबर सावकाश गोल फिरवत राहील, रहाट फिरवल्यासारखा. हात सैल सोडा, आपण फिरवायला जाऊ नका, आणि त्या फिरण्यात ठेका शोधू नका. तो तुमच्या शब्दांमागून येतोय. शेवटचे शब्द बोललात की तो आपोआप थांबेल.